अंगणातली शेव्रोलेट

आमच्या कुटुंबात कोणताही मोठा निर्णय चवथीशिवाय होत नाही. वर्षाचे बाकीचे दिवस कोणी वास्कोला, कोणी पुण्याला, एक जण दुबईला. चवथीला मात्र सगळे फोंडा महालातल्या मूळ घरी. आरत्या झाल्या, पातोळ्या खाऊन झाल्या की ओसरीवर बैठक बसते आणि वर्षभर तुंबलेले विषय निघतात. छपराची कौले, विहिरीचा पंप, पूजेची पाळी. चार वर्षांपूर्वीच्या चवथीला विषय निघाला तो काकांच्या पिकअपचा.

थोरल्या काकांची शेव्रोलेट पिकअप घराच्या मागे, फणसाखाली, १९९६ पासून उभी होती. काका २००९ मध्ये गेले. तिच्या हौद्यात पालापाचोळा कुजून माती झाली होती आणि त्या मातीत एक काजूचे रोप कमरेएवढे वाढले होते. चुलतभावाला तिथे दोन गाड्या लावण्यापुरती जागा करायची होती. भंगारवाला येऊन गेला होता. तो म्हणाला, दीड टन लोखंड भरेल, किलोवर घेतो. भाऊ चुकीचे काही बोलत नव्हता. ती गाडी कोणाच्याच उपयोगाची नव्हती आणि आत सापाची कात सापडली होती.

पण काकी एकदम म्हणाली, "किलोवर नको." एवढेच. पुढे काही बोलली नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण घरात सरकारी नोकर मी आणि ज्या कामाचा निकाल लागत नाही ते माझ्याकडे 'अभिप्रायार्थ' येते. मी एक वर्षाची मुदत मागून घेतली. त्या एका वर्षाची चार झाली. या चार वर्षांत मी गाडी दुरुस्त करायला किती शिकलो हा प्रश्न वेगळा, पण ती गाडी आमच्या अंगणात आली कशी, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला तो इथे मांडतो.

पिकअप ही गाडी मुळात घरीच जन्माला आली. कारखान्याने ती नंतर उचलली. हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये बाजारात आली आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्याने ती घेतली. शेतकऱ्याला चार माणसे बसवून फिरायला जायचे नव्हते, त्याला बटाट्याची पोती आणि दुधाचे कॅन न्यायचे होते. म्हणून त्याने मागची आसने किंवा मागची पेटी काढली आणि गावातल्या सुताराकडून लाकडी हौदा करून बसवला. काहींनी तर मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि त्यावर लाकडे कापायची करवत किंवा पाण्याचा पंप चालवला. गॅरेज मैलोनमैल दूर, त्यामुळे दुरुस्तीही आपल्याच गोठ्यात. गाडी मोडली तर शेतकरी ती स्वतः उघडत असे, कारण दुसरे कोणी उघडणारे नव्हते.

हे सगळे पाहून फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. त्या वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या खपल्या. कंपनीने बनवलेली पहिली पिकअप म्हणून आज तिचेच नाव घेतात. खरे म्हणजे कंपनीने नवीन काही शोधले नव्हते, खेड्यातला सुतार सतरा वर्षे करत होता तेच कारखान्यात केले.

पुढे दुसरे महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरिकांसाठी मोटारी बनवणे थांबले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. लोकांकडे होत्या त्याच गाड्या त्यांनी ठोकठाक करून चालवल्या. त्यामुळे युद्ध संपले तेव्हा नव्या गाड्यांची भूक प्रचंड होती. डॉज कंपनीने लष्करासाठी बनवलेल्या ट्रकचे नागरी रूप 'पॉवर वॅगन' या नावाने १९४६ मध्ये आणले. विलीजने जीपच्या घराण्यातला ट्रक १९४७ मध्ये काढला. फोर्डची 'एफ' मालिका १९४८ ची. आणि शेव्रोलेटने २८ जून १९४७ रोजी 'ॲडव्हान्स डिझाइन' नावाची मालिका बाजारात आणली. आपल्याकडे स्वातंत्र्याला सात आठवडे उरले होते. आमच्या फणसाखालची गाडी याच मालिकेतली, '३१००' या क्रमांकाची, म्हणजे अर्ध्या टनाची.

ही मालिका मार्च १९५५ पर्यंत चालली आणि लांबून पाहिले तर आठही वर्षांच्या गाड्या सारख्याच दिसतात. गाडी कुठल्या सालची हे ओळखायचे तर दाराकडे पाहावे लागते. १९५० पर्यंतच्या गाडीच्या दाराला पुढची छोटी त्रिकोणी खिडकी नाही. १९५१ मध्ये ती आली. १९५२ मध्ये दाराच्या फिरवायच्या मुठीऐवजी बटण दाबायची मूठ आली. १९५४ मध्ये समोरची दोन तुकड्यांची काच जाऊन अखंड काच आली आणि जाळी बदलली. आमच्या गाडीला त्रिकोणी खिडकी आहे आणि मूठ फिरवायची आहे. म्हणजे १९५१. काका नेहमी "एकावन्नची" म्हणत ते खरे निघाले. घरातल्या दंतकथेला दाराच्या मुठीने दुजोरा दिला याचा मला झालेला आनंद कार्यालयात कोणाला समजावून सांगता आला नाही.

आता ती गोव्यात कशी आली? इथे आपल्या इतिहासातली एक गंमत आहे. भारतात जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईला शिवडीत १९२८ पासून होता. शेव्रोलेट गाड्या तिथे जोडून विकल्या जात. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण ठरले की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना इथे थारा नाही, गाडी इथेच बनवायची असेल तर राहा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फोर्डचेही तेच झाले. राहिले ते हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याचे प्रीमियर, जीपवाले महिंद्र वगैरे. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा काळ तिकडे सुरू झाला.

गोव्यात चित्र उलटे होते. इथे पोर्तुगीज सत्ता. मुरगाव बंदरात बोट लागायची, आल्फांदातून माल सुटायचा आणि अमेरिकन, जर्मन, ब्रिटिश गाड्या रस्त्यावर यायच्या. त्याच सुमारास लोहखनिजाचा धंदा भरभराटीला आला होता. जपानला खनिज जाऊ लागले, खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत माल आणायला ट्रक हवे होते आणि खाणमालकांकडे पैसा होता. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी आवळली, रेल्वे बंद झाली, तरी समुद्र उघडाच होता. ज्या वस्तूंसाठी मुंबईत रांगा होत्या त्या मडगावच्या दुकानांत मिळत होत्या. लोकांना मोकळेपणाने बोलण्याचे स्वातंत्र्य नव्हते आणि शेव्रोलेट घेण्याचे होते. हा विरोधाभास काका हसत सांगत, पण त्यांच्या एका मित्राने तुरुंगवास भोगला होता, त्यामुळे ते हसणे फार वेळ टिकत नसे.

आणखी एक गोष्ट. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने वळवली. गोवा, मोझांबिक आणि मकाव यांना मात्र वगळले, कारण शेजारी डाव्या बाजूने चालणारे होते. म्हणून गोव्यातल्या गाड्यांची सुकाणू-चाके मुक्तीनंतर बदलावी लागली नाहीत. नाहीतर १९ डिसेंबर १९६१ नंतर आपल्याकडे वाहतुकीचा काय गोंधळ झाला असता याची कल्पना करून पाहावी!

काका मडगावच्या एका व्यापाऱ्याकडे शोफेर होते. त्या व्यापाऱ्याची ही पिकअप. १९५९ मध्ये त्याने नवा ट्रक घेतला तेव्हा पगाराच्या थकबाकीत आणि वर काही रोख घेऊन त्याने ती काकांना दिली. काका तेव्हा सव्वीस वर्षांचे. गावात स्वतःची मोटार असलेला पहिला बिगर-भाटकार माणूस, असे काकी अजून सांगते. नारळ, सुपारी, तांदूळ, चिरे, लग्नाची भांडी असे मिळेल ते भाडे ते घेत.

मुक्ती झाली आणि दोन-तीन वर्षांत काकांच्या लक्षात आले की एक दार उघडले तसे एक बंदही झाले आहे. आयातीचे भारतीय नियम आता गोव्यालाही लागू होते. शेव्रोलेटचे सुटे भाग यायचे बंद झाले. मुंबईच्या जुन्या बाजारात जे मिळेल ते, नाहीतर इथेच घडवायचे. अमेरिकेत ज्या काळात या गाड्या जुन्या म्हणून स्वस्तात विकल्या जात होत्या आणि पोरे हौसेने त्या सजवत होती, त्याच काळात गोव्यात त्याच गाड्या चालू राहाव्यात म्हणून माणसे झगडत होती. तिकडची घरगुती दुरुस्ती सुबत्तेतून आली, इकडची टंचाईतून. हत्यारे तीच, पाने तेच, पण मनातला हेतू वेगळा.

या गाडीचे मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, २१६ घन इंचांचे, ९२ अश्वशक्तीचे. अमेरिकेत शेव्रोलेटच्या या इंजिन-घराण्याला 'स्टोव्हबोल्ट' म्हणत, कारण त्याचे बोल्ट लोखंडी शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत. इंजिन चिवट, पण त्यात एक खोड. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला आजच्यासारखे बदलता येणारे बेअरिंग नाही. तिथे व्हाइट मेटल, म्हणजे बॅबिट, वितळवून ओतलेले. आणि त्याला तेल पंपाच्या पूर्ण दाबाने मिळत नाही. रॉडला खाली छोटी पळी असते, ती फिरताना तेलात बुडते आणि तेल उडवून घेते. सावकाश चालवा, आयुष्यभर टिकेल. अनमोड घाटात भरल्या गाडीने घाई केलीत तर रॉड ठोकायला लागला म्हणून समजा. काका कधीच घाई करत नसत. आम्हाला वाटे त्यांचा स्वभाव तसा आहे. आता इंजिनची रचना वाचल्यावर वाटते, स्वभाव इंजिननेच घडवला असावा.

रॉड ठोकू लागलाच तर त्याच्या टोपीखाली पातळ पत्र्यांच्या चकत्या असतात, त्यातली एक काढून ढिलाई कमी करायची. चकत्या संपल्या की नवे बॅबिट ओतायचे. हे काम जाणणारा एक मेस्त बार्ज दुरुस्तीच्या कारखान्यात होता. काका रॉड पिशवीत घालून, फेरीबोटीने नदी ओलांडून त्याच्याकडे जात.

मराठी वाचकांना या गाडीशी जोडणारा धागा मात्र वेगळा आहे. आपल्या देवळांच्या उत्सवांत, जत्रांत मराठी नाटके होतात, हे मी सांगायला नको. त्या नाटकांचे पडदे, पोशाखांच्या ट्रंका, ऑर्गन, तबला-डग्गा, प्रकाशाचे सामान एका देवळातून दुसऱ्या देवळात कोणी न्यायचे? कार्तिक पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत काकांच्या पिकअपला श्वास घ्यायला वेळ नसे. मी सहा-सात वर्षांचा असताना गुंडाळलेल्या पडद्यांवर झोपून पहाटे घरी आल्याचे आठवते. खाली राजवाडा, वर जंगल, मध्ये मी. पडद्यांना डिंकाचा, रंगाचा आणि डिझेलचा वास येत असे. नाटकाचा वास तोच, असे मला पुढे बरीच वर्षे वाटत होते.

१९६७ च्या जानेवारीत जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे त्यांचे चिन्ह फूल, नको त्यांचे दोन पाने. काका कट्टर फूलवाले. पण गाडी भाड्याची. काकी सांगते की सकाळी फुलाच्या सभेचा कर्णा बांधून गेलेली गाडी एकदा संध्याकाळी दोन पानांची माणसे घेऊन आली. शेजाऱ्याने टोकले तेव्हा काका म्हणाले, "मत माझे आहे. पेट्रोल त्यांचे आहे." आज त्या कौलाबद्दल बोलताना अजूनही आवाज चढतात. काकांचे ते वाक्य मला त्या वेळच्या अनेक भाषणांपेक्षा शहाणपणाचे वाटते.

१९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल काकांच्या आवाक्याबाहेर गेले. देशभरातल्या जुन्या अमेरिकन ट्रकवाल्यांनी जे केले तेच त्यांनी केले. मद्रासची सिम्पसन कंपनी इंग्लंडच्या पर्किन्सची डिझेल इंजिने परवान्याखाली बनवत असे. त्यातले चार सिलिंडरचे, जुने पण धड, एक इंजिन काकांनी बेळगावहून आणले. मूळ गिअरबॉक्सला ते बसत नव्हते, म्हणून मध्ये जाड लोखंडी पट्टी कातून घेतली. इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्याच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवला. मूळचा सहा व्होल्टचा विजेचा संसार बदलून बारा व्होल्टचा केला. पायाने दाबायचा स्टार्टर गेला. इंजिन कमी फेऱ्यांचे, त्यामुळे वेग आणखी कमी झाला, पण खर्च निम्म्यावर आला आणि माझ्या दोन चुलतबहिणींची लग्ने त्या इंजिनाने केली.

हा झाला इतिहास. आता माझ्या खटपटीबद्दल थोडे, कारण घरच्या घरी असे काम करू पाहणाऱ्याला त्यातून दोन-चार गोष्टी मिळतील.

पहिला शत्रू गंज. कोरड्या हवेत या गाड्या उघड्यावर पन्नास वर्षे राहून वाचतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने दमट, खारी हवा. या मालिकेच्या केबिनचा पत्रा विशिष्ट जागी आधी कुजतो. केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे, पाय ठेवायची जमीन आणि दाराखालची पायरी. कारण सरळ आहे. दुहेरी पत्र्याच्या मध्ये माती साचते, माती पाणी धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंगाला फोड दिसतो तेव्हा आत काही उरलेले नसते. बोटाने दाबून पाहा. बोट आत गेले तर समजावे.

अमेरिकेत हे कोपरे, ही जमीन, हौद्याच्या फळ्यासुद्धा नव्या बनवून विकतात, कारण लाखो गाड्या बनल्या होत्या आणि हौशी लोक भरपूर. आपल्याला तो माल मागवणे परवडत नाही. आम्ही पुठ्ठ्याचे नमुने कापले आणि अठरा गेजच्या पत्र्यातून तुकडे घडवून घेतले. वेल्डिंग करताना एका दमात लांब शिवण मारायची नाही. इथे एक टिपका, मग लांब तिथे एक टिपका, मध्ये पत्रा निवू द्यायचा. नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. आमचा पहिला तुकडा पापडच झाला.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. पहिल्याच वर्षी, चवथीपर्यंत काहीतरी दिसावे म्हणून मी डाव्या कोपऱ्यातला गंज नीट कापून न काढता वरून लांबी भरली आणि रंग मारला. सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या पावसाळ्यात तिथे तळहाताएवढा फोड आला आणि लांबीचा आख्खा तुकडा हातात आला. कार्यालयातही मी अशी काही कामे झालेली पाहिली आहेत. अहवाल चकचकीत असतो, आतले तसेच राहते.

जाम झालेल्या नटांशी झुंज घेऊ नये. डिझेल-केरोसीन सोडून दोन दिवस वाट पाहावी, तरी न हलल्यास गरम करावे. पण या गाडीत एक धोका आहे. १९४९ पासून इंधनाची टाकी केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे आहे. टाकी काढून लांब ठेवल्याशिवाय केबिनमध्ये ज्योत किंवा वेल्डिंग नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. तसेच जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या रंगात शिसे असते, घासताना तोंडाला नीट मास्क हवा. आणि ब्रेकची नळी एकच आहे. चारांपैकी एका चाकाशी तेल गळले की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून इंजिन चालू करण्याच्या मोहाआधी ब्रेक.

हौद्याची जमीन मुळात लाकडी फळ्यांची, मध्ये लोखंडी पट्ट्या. अमेरिकेत पाइनचे लाकूड वापरत. काकांनी तिथे कधीतरी फणसाच्या फळ्या घातल्या होत्या, त्यांपैकी तीन अजून शाबूत निघाल्या. बाकीच्या आम्ही नव्या केल्या आणि होड्यांना लावतात तसे काजूच्या टरफलांचे तेल खालून दिले. ते लावताना हातमोजे घालावेत. कातडे भाजते, हे मी अनुभवाने सांगतो.

रंग घासताना गाडीची वही उघडावी तसे झाले. वर निळा, त्याखाली करडा, त्याखाली पिवळा आणि तळाशी गडद हिरवा. तो हिरवा म्हणजे कारखान्याचा नेहमीचा 'फॉरेस्टर ग्रीन'. दाराच्या पिवळ्या थरावर अर्धवट अक्षरे निघाली. एका नाट्यमंडळाच्या नावाचा शेवट होता, फक्त "...मंडळी". घासणे तिथे थांबवले.

मी हे सगळे करत असतानाच माझ्यातला कारकून जागा होता. गाडी चालू झाली तर रस्त्यावर न्यायची कशी? केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने वाहन, नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. नियम चांगला आहे. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण त्याच वर्षी आले, त्यातून अशा गाड्यांना वाट काढून दिली हे योग्यच झाले.

पण व्याख्या वाचताना मी दोन ठिकाणी अडलो. एक, वाहन खाजगी वापराचे हवे, व्यावसायिक नको. दोन, ते मूळ रूपात हवे. सांगाडा, बांधणी, इंजिन यांत मोठा बदल नको. काकांची गाडी आयुष्यभर मालवाहू होती आणि इंजिन तर पर्किन्सचे. म्हणजे ज्या श्रीमंताची मोटार शेडमध्ये झाकून राहिली तिला वारसा म्हणून मान, आणि जी गाडी राबली, जिने संसार चालवला, जी टिकावी म्हणून माणसाने तिच्यात बदल केले, ती व्याख्येबाहेर. नियम करणाऱ्याला मी दोष देत नाही. मीही मसुदे लिहिले आहेत, रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण ती रेघ कामाच्या गाडीच्या अंगावरून गेली आहे, एवढे नोंदवतो.

एका जाणकाराने मला सुचवले की पर्किन्स काढा, मुंबईत शोधून मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवा, हिरवा रंग द्या, गाडीला किंमत येईल. दोन महिने मी त्या विचारात होतो. मग काकीला विचारले. ती म्हणाली, "ते इंजिन आणायला तुझ्या काकांनी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. आता काढून कुठे टाकणार?" पाटल्यांची गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. त्या चवथीला "किलोवर नको" याच्या मागे काय होते ते तेव्हा कळले.

म्हणून इंजिन तेच ठेवले. नोझल उतरवून सिलिंडरांत तेल सोडले, आठ दिवस रोज हाताने थोडे थोडे फिरवले. पंप आणि नोझल फोंड्याला साफ करून आणले. या घराण्याची इंजिने ट्रॅक्टरांत, होड्यांत खूप वापरली गेली, त्यामुळे भाग अजून मिळतात. मूळ शेव्रोलेट इंजिनाचे मिळाले नसते. काकांची तडजोडच गाडीच्या उपयोगी पडली. नळीतली हवा काढून गेल्या श्रावणात एका रविवारी ते चालू केले तेव्हा आधी पांढरा धूर, मग काळा आणि मग ती ओळखीची खडखड. काकी दाराशी येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पुरे आता, डिझेल फुकट जाते."

गाडी रस्त्यावर जात नाही, आमच्या जागेतच फिरते. गेल्या चवथीला माटोळीचे सामान कुळागरातून घरापर्यंत तिनेच आणले. जेमतेम तीनशे पावले. सुपारीची कात्रे, कांगले, तोरिंग आणि वर बसलेली सहा पोरे. चुलतभावाने आपल्या दोन गाड्यांसाठी फणसाच्या पलीकडची बाजू सपाट करून घेतली. त्याचा दुबईतला मुलगा दोन दिवस तिच्याखालून बाहेर आला नाही.

एक विनंती करून थांबतो. तुमच्याही घरी अशी एखादी जीप, कारेर, ट्रक किंवा नुसता तिचा फोटो असेल. गाडी ठेवणे सगळ्यांना जमणार नाही, ते मला कळते. पण आल्फांदाची पावती, जीडी अक्षरांचे जुने नोंदणीपुस्तक, भाड्याची वही यांतले काही सापडले तर चवथीच्या साफसफाईत टाकू नका. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर गाडीबद्दल आजच विचारून घ्या. काकांना विचारायचे माझे राहिले. काकीला विचारले म्हणून निदान पाटल्यांचे कळले.